ऑर्डर हजाराची, इंजिन मात्र शॉपमध्ये

वाचक विचारतात: विमानांचं पान

या वेळी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज इतके आलेत की सगळे घेता येत नाहीयेत. रिफंडचे आणि हरवलेल्या बॅगांचे प्रश्न बाजूला ठेवलेत, त्यासाठी ग्राहक पंचायत आहे, मी हँगरमध्ये आयुष्य काढलेला माणूस, मला विमानाचं विचारा.

प्रश्न: दर दोन-चार महिन्यांनी पेपरात येतं की अमक्या कंपनीने पाचशे विमानं घेतली, तमक्या कंपनीने चारशे सत्तर. मग दिवाळीत मुंबई-नागपूर तिकीट बघितलं की डोळे का पांढरे होतात? एवढी विमानं गेली कुठे?
*एक वाचक, डोंबिवली पूर्व*

अहो, ती अजून बनलेलीच नाहीत! पेपरवाले "घेतली" लिहितात, पण खरं म्हणजे फक्त नंबर लावलेला असतो. इंडिगोने जून २०२३ मध्ये पॅरिस एअर शोला ५०० विमानांची ऑर्डर दिली, सगळी एअरबसच्या ए३२० निओच्या घराण्यातली, एका फटक्यात दिलेली तोवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. त्याच वर्षी फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० सांगितली, २५० एअरबसची आणि २२० बोइंगची, वर डिसेंबर २०२४ मध्ये अजून १०० एअरबस. आपल्या मुंबईच्या अकासाने जानेवारी २०२४ ला १५० बोइंग ७३७ मॅक्स. बेरीज हजाराच्या पार जाते, ऐकायला बरं वाटतं. आता कारखान्याकडे बघा. एअरबसने २०२४ च्या अख्ख्या वर्षात सगळ्या जगाला मिळून ७६६ विमानं दिली आणि बोइंगने ३४८. एअरबसकडे आठ हजारांच्या वर विमानं द्यायची बाकी आहेत. म्हणजे आज नंबर लावलात तर हातात यायला किती वर्षं जातील ते तुम्हीच धरा.

बोइंगचा आकडा एवढा का पडला ते तुम्हाला आठवत असेल. ५ जानेवारी २०२४ ला अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्सचा दरवाज्याच्या जागी बसवलेला प्लग हवेत उडून गेला, तपासात निघालं की तो धरून ठेवणारे चार बोल्ट कारखान्यातून निघतानाच लावलेले नव्हते. हे वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं गप्प बसलो, कारण हँगरमध्ये एक पाना कमी भरला तरी विमान सोडत नाहीत, सगळे शोधत बसतात. मग अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिकडच्या विमान नियामक संस्थेने, महिन्याला ३८ मॅक्सच्या वर बनवायचे नाहीत असं बजावलं, त्यात सप्टेंबरपासून कामगारांचा सात आठवड्यांचा संप. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती मर्यादा ४२ झाली, बस.

पण माझ्या मते खरं घोडं पेंड खातंय ते इंजिनापाशी, आणि पेपरात ते कमी येतं कारण त्याचा फोटो काढण्यासारखा नसतो. ए३२० निओला दोन प्रकारची इंजिनं लागतात, एक सीएफएमचं लीप आणि दुसरं प्रॅट अँड व्हिटनीचं गिअरवालं, ज्याला सगळे जीटीएफ म्हणतात. जीटीएफची कल्पना झकास आहे, पुढचा मोठा पंखा आणि मागचं टर्बाइन यांच्यामध्ये गिअरबॉक्स, म्हणजे पंखा सावकाश फिरतो आणि टर्बाइन जोरात, दोघंही आपापल्या सोयीच्या स्पीडला, इंधन वाचतं, आवाजही कमी. पण सुरुवातीपासून कुरबुरी चालूच होत्या, मार्च २०१८ मध्ये डीजीसीएने, म्हणजे आपल्याकडच्या विमान नियामक संस्थेने, इंडिगो आणि गोएअरची मिळून ११ निओ जमिनीवर बसवली होती. आणि जुलै २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की काही वर्षं ज्या धातूच्या पावडरीपासून टर्बाइनच्या डिस्क बनवल्या त्या पावडरीत भेसळ राहिली होती, त्यामुळे डिस्कला वेळेआधी तडे जाऊ शकतात.

आता हे तपासायचं कसं? नेहमीची तपासणी आम्ही बोरोस्कोपने करायचो, म्हणजे इंजिनाच्या अंगावर छोटी भोकं असतात, त्यातून बारीक कॅमेरा आत सारायचा, दुसरा माणूस इंजिन हळूहळू फिरवतो, एकेक ब्लेड स्क्रीनवर समोरून सरकत जातं, कुठे चीर, कुठे जळल्याचा डाग, कुठे कोपरा उडालाय ते मोजत जायचं, मान मोडून येते पण विमान जागेवरच राहतं. ही पावडरीची भानगड मात्र डिस्कच्या पोटात आहे, कॅमेऱ्याला दिसतच नाही. त्यासाठी इंजिन उतरवायचं, शॉपमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या कारखान्यात, पाठवायचं, पूर्ण खोलायचं आणि डिस्क अल्ट्रासाउंडने बघायची. एका इंजिनाला या सगळ्यात २५० ते ३०० दिवस जातील असं कंपनीनेच सांगितलं होतं, कारण शॉपबाहेर जगभरातल्या इंजिनांची रांग. इंडिगोची एका वेळी सत्तरच्या घरात विमानं अशी उभी होती, बाकी विमान ठणठणीत आणि पंखाखाली इंजिनाच्या जागी पोकळी. गो फर्स्टने, म्हणजे आधीच्या गोएअरने, तर मे २०२३ मध्ये शटरच पाडलं आणि दोष याच इंजिनांवर टाकला. कंपनी बुडायला एकटं इंजिन कारण नसतं, पण निम्मी विमानं उभी राहिली की पगार, भाडं, लीजचे हप्ते कोणाला चुकत नाहीत.

तेव्हा नागपूरचं तिकीट. उडणारी विमानं मोजकी, दिवाळीला अख्खी मुंबई गावी निघालेली, आणि आपल्याकडे विमान कंपनीच्या खर्चात ४० टक्क्यांच्या आसपास नुसतं इंधन असतं. ते जीएसटीत नाही, राज्याचा व्हॅट लागतो, महाराष्ट्राने २०२३ च्या बजेटमध्ये मुंबई, पुणे आणि रायगडपुरता २५ चा १८ टक्के केला. एक बरी गोष्ट, हैदराबादला नोव्हेंबर २०२५ मध्ये साफ्रान या फ्रेंच कंपनीच्या लीप इंजिनांच्या दुरुस्ती शॉपचं उद्घाटन झालंय, इंजिन परदेशी पाठवून वाट बघत बसायचं कमी होईल. मला विचाराल तर हजार विमानांच्या ऑर्डरपेक्षा ही बातमी मोठी होती, कुठल्या तरी आतल्या पानावर आली.

प्रश्न: आम्ही मुलुंडला राहतो. सांताक्रूझला दोन रनवे आहेत म्हणतात, तरी दर वेळी विमान अर्धा अर्धा तास घिरट्या घालतं. नवी मुंबई सुरू झाल्यावर हे थांबेल का, आणि आम्ही कुठलं विमानतळ धरायचं?
*सासू-सुनेचं मिळून पत्र, मुलुंड*

दोन रनवे आहेत हे खरं, पण ते एकमेकांना छेदतात. नकाशात बघा, तिरकी कात्री दिसेल. त्यामुळे एकावर विमान उतरत असताना दुसरं वापरता येत नाही, म्हणजे हिशेबाला एकच. आणि या एका रनवेवर आपल्या कंट्रोलरांनी ११ नोव्हेंबर २०२३ ला चोवीस तासांत १०३२ विमानं चढवली-उतरवली. दोन विमानांत पुरतं दीड मिनिट पण पडत नाही, पुढचं उतरून बाहेर वळतंय तोवर मागचं घाटकोपरच्या डोक्यावर आलेलं असतं. घिरट्या घालणाऱ्या विमानात बसून आपण वैतागतो, पण टॉवरमधल्या त्या पोरांना माझा कायमचा सलाम आहे. एका विमानाला टॅक्सीवेवर वळायला दहा सेकंद उशीर झाला की मागच्याला गो-अराउंड, म्हणजे उतरता उतरता परत वर. विमान असं परत वर गेलं तर घाबरू नका, त्याची पायलटला रोज तयारी असते.

नवी मुंबईचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि विमानं सुरू झाली २५ डिसेंबरला. पहिल्या टप्प्यात एक रनवे, वर्षाला २ कोटी प्रवाशांची सोय. केंद्राने तत्त्वतः मंजुरी दिली होती २००७ मध्ये, भूमिपूजन २०१८ ला, मधल्या काळात उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, गावं उठवली. तिकडच्या लोकांसाठी ते दिबांचं, म्हणजे त्यांचे नेते दि. बा. पाटील यांचं, विमानतळ आहे आणि त्या नावासाठी ते रस्त्यावर उतरलेत, ते विसरू नका. पुढे तिथे दुसरा रनवे व्हायचाय आणि तो समांतर असणार, कात्री नाही, म्हणजे दोन्ही एकदम चालू ठेवता येतील. खरा फरक तेव्हा पडेल. तोवर सांताक्रूझचा ताण थोडा हलका होईल इतकंच, कारण तिथे स्लॉट, म्हणजे उतरायची-चढायची ठरलेली वेळ, रिकामा झाला की दुसरी कंपनी तो पकडायला टपलेलीच असते.

तुमच्यासाठी, मुलुंडहून ऐरोली पूल आणि पुढे पाम बीच धरलात तर नवी मुंबई परवडेल, विशेषतः सकाळच्या फ्लाइटला, जेव्हा एलबीएस रोड आणि घाटकोपरचं काही सांगता येत नाही. बोरिवली-मालाडवाल्यांनी मात्र स्वस्त तिकिटाच्या मोहात पडून तिकडे जाऊ नये, टॅक्सीतच सगळं निघून जाईल. दक्षिण मुंबईला अटल सेतू आहे, पण टोल धरून हिशेब करा. सांताक्रूझसाठी आता मेट्रो तीन कफ परेडपासून थेट टी१ आणि टी२ ला जाते, एक बॅग असेल तर त्याहून सुखाचं काही नाही. बुक करताना विमानतळाचा कोड बघा, बीओएम म्हणजे जुनं, एनएमआय म्हणजे नवीन. वरची युजर फी पण बघून घ्या, ती दोन्हीकडे सारखी नाही.

प्रश्न: नोव्हेंबरच्या शेवटी बातमी होती की सूर्यामुळे एअरबसची विमानं बंद पडली. माझ्या ग्रुपवर एकाने लिहिलं की सौर वादळ आलंय, विमानात बसू नका. खरं काय होतं?
*निवृत्त बँक कर्मचारी, दादर*

तुमच्या ग्रुपवरच्या त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा. झालं असं की ३० ऑक्टोबर २०२५ ला जेटब्लूचं ए३२० मेक्सिकोतल्या कानकूनहून न्यूअर्कला चाललं होतं, सरळ उडत असताना अचानक नाक खाली करून घसरलं, काही लोकांना लागलं, विमान टॅम्पाला उतरवलं. एअरबसने खोदून काढलं आणि २८ नोव्हेंबरला सांगितलं की तीव्र सौर किरणोत्सर्गामुळे फ्लाइट कंट्रोलच्या कॉम्प्युटरमधला डेटा बिघडू शकतो. जगात साधारण ६००० विमानांना हे लागू होतं, आपल्याकडे ३३८.

एअरबसमध्ये पायलट साइडस्टिक हलवतो तेव्हा तो दोरी ओढत नसतो, तो कॉम्प्युटरला सांगत असतो. शेपटीवरचे एलिव्हेटर आणि पंखांवरचे एलेरॉन हलवणारा कॉम्प्युटर म्हणजे एलॅक, असे दोन एलॅक असतात आणि त्यांच्या मदतीला आणखी वेगळे कॉम्प्युटर. उंचावर हवा विरळ, त्यामुळे अवकाशातून येणारे कण जमिनीपेक्षा जास्त आदळतात, त्यातला एखादा चिपमधून गेला की शून्याचा एक होऊ शकतो. हे आजचं नाही, डिझाइन करणाऱ्यांना ते चांगलं माहिती असतं, म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक आकडा उलटसुलट तपासतं. घोळ असा की एलॅकच्या नव्या व्हर्जनमध्ये ही तपासणी कमी पडत होती. उपाय म्हणजे जुनं व्हर्जन परत टाकायचं, फोन अपडेट केल्यावर बिघडला की आपण करतो तसं. बहुतेक विमानांना दोन-तीन तासांचं काम, काही जुन्या विमानांना कॉम्प्युटरच बदलावा लागला.

मला यात आवडलं ते वेगळंच. आदेश शुक्रवारी आला, पुढच्या उड्डाणाआधी करा असा, आणि दोन-तीन दिवसांत आपल्याकडची जवळपास सगळी विमानं झाली, रात्रीच्या पाळ्या लावून, एकेका विमानात डेटा भरायचं यंत्र घेऊन चढायचं, डेटा टाकायचा, टेस्ट चालवायची, सही करायची. बातमीत "प्रवाशांचे हाल" आलं, रात्रभर जागलेल्या पोरांचं कुठे आलं नाही. सौर वादळाला घाबरून विमान टाळायची काही गरज नाही.

प्रश्न: मुलगा म्हणतो आता मुंबईहून युरोपला छोट्या विमानाने जाता येणार, मध्ये एकच पॅसेज असलेल्या. साताठ तास त्यात कसं बसायचं? सुरक्षित असतं का?
*विलेपार्ले पूर्वहून एक आजी*

आजी, मुलगा बरोबर सांगतोय. त्या विमानाचं नाव ए३२१ एक्सएलआर, पोटात मागच्या बाजूला एक मोठी जादा टाकी बसवलीय, ८७०० किलोमीटरपर्यंत जातं. पहिल्यांदा आयबेरियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये माद्रिद-बोस्टनला लावलं, आणि इंडिगोने त्याच्यासाठी मुंबई-अथेन्स जाहीर केलं. कंपन्यांना ते का आवडतं, तर मोठं तीनशे सीटचं विमान भरायला तेवढे प्रवासी रोज मिळत नाहीत, हे दोनशेच्या आत-बाहेर सीटचं असेल तर अथेन्ससारखं गाव पण परवडतं.

सुरक्षिततेची काळजी सोडा. आणि एक सांगू, तुमच्या पिढीला हे नवीन नाहीये. एअर इंडियाचं पहिलं जेट, बोइंग ७०७, १९६० मध्ये आलं तेव्हा त्यातही मध्ये एकच पॅसेज आणि एका रांगेत सहा सीट होत्या, आणि त्यातून लोक थांबे घेत घेत लंडन, न्यूयॉर्कला गेले. प्रश्न सोयीचा आहे. एकच पॅसेज, त्यात जेवणाची ट्रॉली आली की बाथरूमला जायचं अडतं. तेव्हा पॅसेजकडची सीट घ्या, पायात घट्ट मोजे घाला, आणि ट्रॉली निघायच्या आधी एक चक्कर मारून या. गुडघ्याचा त्रास असेल तर मी तरी मोठ्या विमानाचं तिकीट बघेन. बोइंग ७८७ मध्ये केबिनमधला दाब सहा हजार फुटांवरच्या हवेइतका ठेवतात, जुन्या विमानांत आठ हजार फुटांइतका असायचा, लांबच्या प्रवासात अंगाला तो फरक जाणवतो.

प्रश्न: काका, बारावी सायन्सला आहे. पायलट व्हायचंय पण घरचे म्हणतात खर्च फार आहे, आणि डिसेंबरमध्ये पायलट नाहीत म्हणून एवढ्या फ्लाइट रद्द झाल्या म्हणजे नोकऱ्या भरपूर असतील ना?
*कल्याणहून एक विद्यार्थी*

बाळा, डिसेंबर २०२५ चं आधी नीट समजून घे. पायलटांच्या ड्यूटीचे नियम बदलले, आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांची ४८ झाली, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली, दुसरा टप्पा १ नोव्हेंबरपासून लागू होता. नियम आले होते जानेवारी २०२४ मध्येच, म्हणजे तयारीला वेळ होता. इंडिगोचं रोस्टर त्यात बसलं नाही आणि ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर फ्लाइट रद्द झाल्या, मग सरकारने भाड्यावर मर्यादा घातली आणि कंपनीला नियमातून तात्पुरती सूट दिली. मला ती सूट पटली नाही. पहाटे तीनला उतरणारा दमलेला पायलट हा कागदावरचा विषय नाहीये. तर हो, पायलट लागणार आहेत, पण लागतात ते अनुभवी कॅप्टन आधी, नवीन सीपीएलवाल्यांची, म्हणजे नुकतंच कमर्शियल पायलटचं लायसन्स काढलेल्यांची, रांग तेव्हाही होतीच. हे कोणी अ‍ॅकॅडमीवाला तुला सांगणार नाही.

तरी मन असेल तर क्रम असा ठेव, फी भरायच्या आधी मेडिकल. डीजीसीएच्या डॉक्टरकडून क्लास टू, मग क्लास वन, त्यात डोळे-कान-हृदय काही निघालं तर पैसे तरी वाचतील. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवंच. सीपीएलला २०० तास उडावं लागतं, त्यानंतर ए३२० किंवा ७३७ चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान उडवायची परवानगी, वेगळं, आणि कंपन्यांच्या कॅडेट प्रोग्रामला गेलास तर आकडा कोटीच्या आसपास जातो. महाराष्ट्रातच गोंदियाला आणि बारामतीला फ्लाइंग स्कूल आहेत, अमरावतीला बेलोऱ्यात एअर इंडियाने मोठं ट्रेनिंग स्कूल जाहीर केलंय, ३४ विमानं आणि वर्षाला १८० पायलट असं.

आणि घरी पैसे जमत नसतील तर एएमई बघ, विमानाचा लायसन्सवाला इंजिनीअर. बी१.१ म्हणजे इंजिन आणि सांगाडा, बी२ म्हणजे वायरिंग, रेडिओ, कॉम्प्युटर. खर्च पायलटच्या मानाने कितीतरी कमी, नागपूरला मिहानमध्ये एमआरओ, म्हणजे विमान दुरुस्तीचं केंद्र, आहे, वर लिहिलं तसं इंजिन शॉपचं काम वाढतच जाणार. लायसन्स हातात यायला वर्षं जातात, पाळ्या रात्रीच्या, पावसात एप्रनवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या मोकळ्या जागेवर, भिजायचं, हात कायम काळे. सही मात्र तुझी, तू नाही म्हणालास तर कॅप्टन कितीही घाईत असला तरी विमान हलत नाही.

प्रश्न: जम्बो जेट परत कधी दिसणार? *गोरेगाव*

प्रवासी म्हणून एअर इंडियात नाही. बोइंगने शेवटचं ७४७ जानेवारी २०२३ ला अ‍ॅटलस एअरला दिलं, तेही मालवाहू. एअर इंडियाचं शेवटचं २२ एप्रिल २०२४ ला मुंबईहून कायमचं निघालं, पायलटने वर जाताना पंख हलवून निरोप घेतला. मोठं विमान बघायचंच असेल तर एमिरेट्सचं ए३८० येतं मुंबईत, ते पण २०२१ पासून बनायचं बंद झालंय.

प्रश्न: पॉवर बँक कुठे ठेवायची? प्रत्येक वेळी प्रत्येकजण वेगळं सांगतो. *गिरगाव*

चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही, यात वाद नाही. हातातल्या बॅगेत ठेवा, पण ती बॅग वरच्या कप्प्यात ढकलू नका, पॉवर बँक काढून सीटच्या खिशात किंवा पायाशी ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानचं ए३२१ उड्डाणाआधीच पेटलं, आग वरच्या कप्प्यातून सुरू झाली होती, त्यानंतर सगळीकडे नियम कडक होत गेले. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच बंदी केलीय, एकच आणि १०० वॉट-अवरच्या आतली नेता येते. तुमच्या पॉवर बँकेवर एमएएच लिहिलेलं असेल तर त्याला ३.७ ने गुणून हजाराने भागा, वीस हजारवाली ७४ येते, म्हणजे चालेल. आकडा पुसलेला असेल तर सिक्युरिटीवाले काढून घेऊ शकतात, तेव्हा रस्त्यावरची बिननावाची नेऊच नका. आणि फुगलेली असेल तर विमानात काय, घरातही ठेवू नका, ई-कचऱ्यात देऊन टाका.